अप्पांचा होकार

लिंबाचा भात परत आला. केळी आत गेली, बिस्किटांचा बंद पुडा गेला, नेसायच्या धुतलेल्या दोन वेष्ट्या शिपायाने काठाकाठाने चाचपून घेतल्या. डबा मात्र झाकणही न उघडता त्याने नंदिताच्या हातात परत ठेवला.

"घरचं शिजवलेलं चालत नाही, अम्मा. पाटी वाचायची ना."

पाटी होतीच. नंदिता तिच्याखालीच दीड तास उभी होती. आधारकार्डाची झेरॉक्स, अर्ज, कैद्याशी नातं, भेटीचं कारण. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते तिला सुचेना. पुढच्या बाईने तिथे नुसतं 'नवरा' लिहिलं होतं, ते पाहून तिने 'वडील' लिहिलं. सकाळी सातला हरिणीला पाजून ती तंजावूरहून निघाली होती. आता अकरा वाजत आले होते. ओढणी कितीही पुढे ओढली तरी कुर्त्यावरचा दुधाचा ओला डाग झाकत नव्हता. घरी हरिणी आता रडायला लागली असेल, आणि आई तिला भाताची पेज भरवायचा प्रयत्न करत असेल.

अकरा दिवस झाले होते अप्पांना आत जाऊन. पहिले आठ दिवस हरिणीला ताप होता, आणि आई तर तुरुंगाच्या दारात पाऊल ठेवायला तयारच नव्हती. वकीलबाई एकदा तुरुंगात जाऊन अप्पांची सही घेऊन आल्या, तेवढाच काय तो संपर्क. मुरलीकृष्ण, नंदिताचा नवरा, होसूरच्या कारखान्यात, तो रोज फोनवर विचारायचा, "भेटलीस का?" आणि ती रोज म्हणायची, "उद्या."

हेड वॉर्डर रघुपती पोट सुटलेला, कपाळाला विभूती लावलेला माणूस होता. सगळ्यांना तो एका दमात सांगत होता, पाठ झाल्यासारखं. "पंधरा मिनिटं. चिठ्ठी दाखवायची नाही. हातवारे करायचे नाहीत. बोलायचं ते तमिळमध्ये, मला समजलं पाहिजे. दुसऱ्या भाषेत कुजबुजलात की भेट बंद."

जाळी दुहेरी होती. पलीकडे अंधुक उजेडात अप्पा येऊन उभे राहिले. हनुमंतराव, वय चौसष्ट. दाढी वाढलेली, चष्मा जागेवर. तिला बघितल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला.

"अप्पा, कसे..." ती मराठीत सुरू झाली.

"तमिळ, अम्मा," रघुपती म्हणाला.

जन्मात ती अप्पांशी तमिळमध्ये बोलली नव्हती. भाषा येत होती, शाळा-कॉलेज सगळं तमिळमध्येच झालं होतं. पण या माणसाशी तमिळमध्ये बोलायचं म्हणजे बँकेतल्या साहेबाशी बोलल्यासारखं वाटायला लागलं.

"अप्पा, जेवण बरं आहे का?"

अप्पांनी मान डोलावली.

"प्रेशरच्या गोळ्या घेता ना?"

मान डोलावली.

ती जाळीच्या आणखी जवळ सरकली. "अप्पा, ती भांडी... तुम्ही दिलीत का कुणाला? जाणून-बुजून?"

अप्पांनी हसून मान डोलावली. "सरी मा, सरी." बरं गं, बरं.

 क्षणभर, एकच क्षण, तिला ते खरं वाटलं. मग तिने त्यांचे डोळे पाहिले. ते तिच्या ओठांवर लागले होते, आणि काहीतरी हरवलेलं शोधावं तसे इकडून तिकडे हलत होते.

"अप्पा," ती सावकाश, तमिळमध्येच म्हणाली, "काल देवळातली हत्तीण आपल्या घरी दोसे खायला आली होती."

अप्पांनी मान डोलावली. "बरं झालं," ते म्हणाले.

रघुपतीने रजिस्टरमधून डोळे वर करून तिच्याकडे बघितलं.  उरलेली दहा मिनिटं ती नुसती उभी राहिली आणि अप्पा हसत राहिले.

*

अप्पांना ऐकू येत नव्हतं. ही गोष्ट घरातल्या तिघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती.

बसमध्ये खिडकीला डोकं टेकून नंदिता हिशेब करत होती: केव्हापासून? दहा वर्षं तरी. आधी टीव्हीचा आवाज वाढला, मग फोन घेणं बंद झालं, मग ते समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलायला लागले. घरात काही कुणी ठरवलं नाही, पण सगळे त्यांच्यासमोर येऊन, उजेडाकडे तोंड करून, सावकाश बोलू लागले. आईच्या आणि नंदिताच्या ओठांवरची मराठी त्यांना वाचता येऊ लागली. इतकी, की कधी कधी ती विसरूनच जायची. बाहेर गेलं की आई त्यांच्या शेजारी. कुणी काही विचारलं की आई तेच मराठीत त्यांच्याकडे वळून हलकेच म्हणायची आणि अप्पा उत्तर द्यायचे. लोकांना वाटायचं, काय हे जोडपं, या वयातही एकमेकांना विचारल्याशिवाय बोलत नाही. शेजारच्या सरोजामामी तर आईला चिडवायच्या, "धनलक्ष्मी, तुझा नवरा पाणीसुद्धा तुला विचारून पितो गं!" आई हसायची. आणि आई जवळ नसली की? त्यावरही आईनेच तोड काढली होती. "कळलें नाहीं तरी मान डोलवा. बोलणारा खूश होतो."

अप्पा कल्याणमंडपाच्या, म्हणजे लग्नाच्या हॉलच्या, कोठीवर होते. पितळेची मोठी पातेली, परातींची थप्पी, पुरुषभर उंचीच्या दोन समया. सगळं त्यांच्या किल्लीखाली. त्या शनिवारी आई नातीला घेऊन दवाखान्यात गेली होती. टेम्पोतून तिघे आले, काहीतरी म्हणाले, अप्पांनी मान डोलावली, कोठी उघडली, वर उचलायला हात लावला. संध्याकाळी मालकाने विचारलं, "मी कुणाला पाठवलं नव्हतं. तुम्हीच दिलंत का?" अप्पांनी मान डोलावली. ठाण्यावर विचारलं, "तुमचाच हात आहे का यात?" अप्पांनी, समोरचे साहेब आहेत म्हणून, जरा जास्तच आदराने मान डोलावली.

इतकं साधं होतं ते. इतकं साधं, की बसच्या खिडकीला डोकं टेकून तिला हसायला आलं, आणि मग शेजारच्या बाईने विचारलं, "काय झालं, मा? रडतेस का?"

*

वकील कनकलता यांची कचेरी म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"अगं बाई," त्या शेवटी म्हणाल्या. "मी सही घ्यायला गेले तेव्हा विचारलं, तुम्ही केलंत? मान डोलावली. मी म्हटलं, कबूल करतोय बिचारा. अर्जात मी वयावर दया मागून ठेवलीये!"

"आता?"

"आता अर्ज बदलते. पण नुसतं माझ्या बोलण्याने काही होत नाही. शुक्रवारी चौदा दिवस संपतात. मॅजिस्ट्रेटसमोर त्यांना पडद्यावर उभं करतील, जेलमधूनच, व्हिडिओवर. मी म्हणणार, साहेब, या माणसाला ऐकू येत नाही. साहेब पडद्याकडे बघून विचारणार, काय हो, ऐकू येतंय ना? आणि तुमचे वडील काय करणार?"

नंदिताने मान डोलावून दाखवली.

"बरोबर," कनकलता म्हणाल्या. "तेच करणार. की संपलं. वकिलीण गोष्टी रचते, म्हणतील. तेव्हा दोन गोष्टी आण. डॉक्टरचा जुना कागद असेल तर तो. आणि त्यांना तयार कर. स्वतः म्हणाले पाहिजेत ते, ऐकू येत नाही म्हणून. ते मी त्यांच्या तोंडात घालू शकत नाही."

*

"नाहीं," आई म्हणाली.

हरिणी नंदिताच्या मांडीवर, इतक्या उशिरा का म्हणून रागाने दूध ओढत होती. धनलक्ष्मी समोर बसून चिंच कोळत होती. तिने मान वर केली नाही.

"आई, कागद आहे ना? मेडिकल कॉलेजात दाखवलेलें तेव्हाचा?"

"शपथ घातली आहे त्यांनी मज. बाहेर कोणास कळूं द्यायचें नाहीं."

"मग चोर म्हणून राहूं द्यायचें?"

"चोर म्हटलें तर लोक चार दिवस बोलतील, मग खरें काय तें कळेल. बहिरा म्हटलें की जन्मभर हांसतील. तुज ठाऊक नाहीं, त्यांच्या काकास काय काय म्हणायचे. लग्नाच्या पंक्तीत मुद्दाम त्यांना हळू बोलून विचारायचे, नि ते भलतेंच उत्तर द्यायचे, नि पोरें हसून लोळायचीं. हे पाहिले आहेत तें. हेही हांसले आहेत त्यांत."

हे नंदिताला ठाऊक नव्हतं. ती हरिणीच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. दमायला झालं होतं. इतकं, की ओरडायलाही जोर नव्हता.

"मी आज त्यांना सांगितलें, आपल्या घरीं हत्तीण आली होती दोसे खायला," ती म्हणाली. "ते म्हणाले, बरें झालें."

आईचे हात चिंचेत थांबले.

"मान डोलवा म्हणून मीच शिकवलें," ती म्हणाली. "मला वाटलें, होकाराने कुणाचें काय वाईट होतें?"

तिने हात धुतले. देवाच्या फळीवरची, जुन्या कुंकवाची पितळी डबी काढली. डबीत, घडी घालून घालून मऊ झालेला कागद होता. त्यात दोन्ही कानांचे आलेख, जिना उतरावा तसे खाली खाली गेलेले. आणि कापसात गुंडाळलेलं, नव्यासारखं, कातडीच्या रंगाचं छोटं यंत्र.

"घेऊन ये म्हणाले होते डॉक्टर. आणलें. एक दिवस घातलें. सरोजा म्हणाली, कानात काय आहे, मोबाइल? तेव्हापासून इथें," आई म्हणाली. आणि मग, वेगळ्याच आवाजात, "पूर्वी मी त्यांना 'ऐकलांत का' म्हणून हांक मारायचें. किती वर्षें झालीं, मारलीच नाहीं."

*

गुरुवारी यंत्र आत गेलं नाही. "डॉक्टरचा हुकूम पाहिजे, वरून परवानगी पाहिजे," रघुपती म्हणाला. "बॅटरीची वस्तू आहे, अम्मा. मी घेतली आणि उद्या कुणी मला विचारलं तर?"

रांगेतली माणसं ऐकत होती. 'नवरा' लिहिणारी बाई आजही होती. नंदिताने डबी छातीशी धरली.

"सार," ती म्हणाली, "माझ्या वडिलांना ऐकू येत नाही."

चारचौघांत ते शब्द पहिल्यांदाच उच्चारले गेले. आकाश कोसळलं नाही. रांगेतली एक म्हातारी "च्च" म्हणाली, एवढंच.

"कुणाला? हनुमंतराव सारांना?" रघुपती हसला. "काहीतरीच. मी रोज बोलतो त्यांच्याशी. इतका शांत माणूस नाही बघितला आम्ही. जे सांगू त्याला हो."

"काय काय सांगितलंत?"

"सांगितलं की, सकाळी पाच वाजता..." तो थांबला. काहीतरी आठवल्यासारखं त्याने कपाळावरून हात फिरवला, विभूती पुसली गेली. "पहिल्या दिवशी विचारलं, काही आजार आहे का, गोळ्या आहेत का, की काही नाही. मान डोलावली. आम्ही लिहिलं, काही नाही."

"परवा मी त्यांना हत्तिणीबद्दल बोलले ते ऐकलंत ना तुम्ही?"

रघुपतीने तिच्याकडे बघितलं. मग जाळीपलीकडे, जिथे अप्पा येऊन उभे राहिले होते, दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत, हसत.

"ते ओठांवरून समजतात," ती म्हणाली. "पण आमच्या भाषेतलं. आणि माझ्या आणि आईच्याच ओठांवरचं. दुसरं नाही."

"नियम आहे, अम्मा."

"ठाऊक आहे, सार."

त्याने रजिस्टर मिटलं. मग खुर्ची ओढून त्याने जाळीजवळ आणली आणि तिच्या अगदी शेजारी बसला. "आधी मला तमिळमध्ये सांग काय बोलणार ते. एकेक वाक्य. मग तेच त्यांना सांग. मी बघतो आहे. एकही जास्तीचा शब्द नको." मग शिपायाला म्हणाला, "तो दिवा लाव रे."

दिवा लागला. नंदिता आधी रघुपतीकडे वळून बोलायची, मग अप्पांकडे वळून. एका वाक्याला दोन दोन फेऱ्या.

"अप्पा, गोळ्या घेतल्या नाहींत ना?"

अप्पांची मान हलायला लागली, आणि थांबली. त्यांनी ओठ वाचले होते. तीन-चार दिवसांचा उपाशी माणूस पानावर बसावा तसे ते तिच्या तोंडाकडे बघत होते.

"नाहीं," ते म्हणाले. आवाज नको इतका मोठा. "आहे कुठें गोळी? तू का अशी सुकलीस? हरिणीचा ताप?"

"उतरला. अप्पा, उद्यां तुम्हांस पडद्यासमोर नेतील. तिथें मान डोलवूं नका."

"बरें."

"विचारतील, ऐकूं येतें का. तुम्ही म्हणायचें, नाहीं येत."

हे तिने आधी तमिळमध्ये म्हटलं तेव्हा रघुपतीने हळूच आपल्या कानाला हात लावला होता. अप्पांनी ते पाहिलं होतं. आता तिचे ओठ वाचले, आणि त्यांचं हसू गेलं. ते रघुपतीकडे बघू लागले, मग मागच्या शिपायाकडे, मग भिंतीशी बसलेल्या दोन कैद्यांकडे. जणू सगळ्यांनी त्यांना आंघोळ करताना बघितलं होतं.

"सांगितलेंस तूं," ते म्हणाले.

"हो, अप्पा."

"आईने कागद दिला?"

"दिला."

अप्पा खाली बघू लागले. ते खाली बघत होते तोवर तिला काहीच बोलता येत नव्हतं. त्यांच्याशी बोलायचं दार तेच होतं, आणि ते त्यांनी लावून घेतलं होतं. पंधरा मिनिटांतली किती त्यात गेली कोण जाणे. रघुपतीने घड्याळाकडे बघितलं, पण उठला नाही.

शेवटी त्यांनी मान वर केली. "माझा काका," ते म्हणाले, "फार हुशार माणूस होता गे. कोणास ठाऊक नाहीं तें." आणि वळून आत गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

*

शुक्रवारी कोर्टात पंखा होता पण वारा नव्हता. आई आली होती. अकरा वाजता निघू म्हटलं तर साडेनवालाच कडेवर हरिणीला घेऊन, चापूनचोपून साडी नेसून दारात उभी. आता दोघी मागच्या बाकावर, हरिणी दोघींच्या मांड्यांवर आडवी, झोपलेली.

पडद्यावर एकामागून एक चेहरे येत आणि जात. नाव, होय साहेब, पुढची तारीख. प्रत्येकाला अर्धं मिनिटही नाही. मग अप्पा आले. स्वच्छ वेष्टी, दाढी केलेली. त्यांच्यामागे रघुपतीचं पोट दिसत होतं.

कनकलता उभ्या राहून बोलल्या. कागद पुढे दिला. सरकारी वकील म्हणाले, आठ वर्षांपूर्वीचा कागद आहे, साहेब, आणि आरोपीने तपासात सगळ्या प्रश्नांना होकार दिलेला आहे. ऐकू येत नाही तर होकार कशाला दिला? कुणीतरी मागे हसलं. आईने नंदिताचं मनगट धरलं.

मॅजिस्ट्रेट पडद्याकडे वळले. "हनुमंतराव, मी बोलतोय ते ऐकू येतंय ना तुम्हाला?"

पडद्यावर अप्पा छोटे, सपाट, निळसर. समोर कुठलेच ओळखीचे ओठ नाहीत. नंदिताने त्यांची मान पाहिली. ती डावीकडे किंचित कलली, जशी हजार वेळा कलली होती, न्हाव्यासमोर, भटजीसमोर, मालकासमोर. आईच्या तोंडून, कुणालाच ऐकू जाणार नाही असं, आलं, "अहो, ऐकलांत का..."

मान कललेल्या जागीच थांबली. तिथून ती हळूहळू सरळ झाली. अप्पांनी उजवा हात उचलून कानावर ठेवला.

"ऐकू येत नाही!" ते तमिळमध्ये म्हणाले. इतक्या जोरात की स्पीकर किंचाळला, कारकून दचकला आणि हरिणी जागी होऊन रडायला लागली. "दहा वर्षं झाली, साहेब. काही ऐकू येत नाही. लिहून द्या. वाचता येतं मला."

मॅजिस्ट्रेटनी मूल बाहेर न्यायला सांगितलं. त्यामुळे पुढचं नंदिताने दाराच्या फटीतून, हरिणीला थोपटत थोपटत पाहिलं: एकेक प्रश्न इकडून मोठ्याने सांगितला जात होता, तिकडे रघुपती तो वहीत मोठ्या अक्षरांत लिहून अप्पांसमोर धरत होता, आणि अप्पा चष्मा वर-खाली करून, सावकाश, पुरं वाक्य बोलून उत्तर देत होते. टेम्पो पांढरा होता. तिघांतला एक तरणा, लंगडत होता. काय म्हणाले ते कळलं नाही, म्हणून मान डोलावली. मालक काय म्हणाले ते कळलं नाही, म्हणून मान डोलावली. साहेब काय म्हणाले...

जामीन झाला. जामीनदार म्हणून सरोजामामींचे यजमान उभे राहिले, त्यासाठी आईला मामींना सगळं सांगावं लागलं, आणि मामी नुसत्या म्हणाल्या, "अय्यो, मग मी इतकी वर्षं त्यांना ओरडून सांगितलं असतं की!" सगळे कागद इथून तिथे जाईपर्यंत सोमवारचे पाच वाजले.

दारातून बाहेर येताना रघुपती अप्पांना काहीतरी म्हणाला. अप्पांनी त्याच्याकडे बघितलं, नंदिताकडे बघितलं नाही.

"कळलं नाही, सार," ते म्हणाले. "पुन्हा सांगा."

रघुपतीने त्यांच्या समोर येऊन, तोंड मोठं करून सांगितलं, "गोळ्या! रोज!"

"हां," अप्पा म्हणाले. "ते कळलं."

बसमध्ये आई खिडकीशी, तिच्या शेजारी अप्पा, मग नंदिता.  खटला अजून उभा राहायचा होता, कोठीची किल्ली परत मिळेल असं वाटत नव्हतं, आणि आईच्या पिशवीत कुंकवाची डबी होती, तिचं काय करायचं ते घरी गेल्यावर. नंदिताचे डोळे मिटत होते. तिच्या मांडीवरून हरिणी आजोबांकडे झेपावली, त्यांच्या चष्म्याला धरून, पाच दात दाखवत, काहीतरी मोठं लांबलचक सांगू लागली. सतरा दिवसांचं साठलेलं असावं.

अप्पा तिच्या तोंडाकडे लक्ष देऊन बघत राहिले. आणि तिचं सांगून झाल्यावर त्यांनी मान डोलावली.